शेळीनं सोडलेलं झुडूप

बालाघाटाच्या डोंगरात कोणतं झुडूप जगणार, हे बऱ्याच अंशी शेळी ठरवते. बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडून शिरणारी ही रांग मांजरसुंबा, केज, धारूर करत अंबाजोगाईच्या अंगाला उतरते. वर पातळ माती, खाली मुरूम आणि काळा कातळ. सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा रानात हिरवं काही दिसलं की शेरडं-करडं तिथं पोचतातच. बोराटीचा काटा चुकवून पाला ओरबाडतात, बाभळीच्या शेंगा टिपतात, हिवराच्या कोवळ्या फांद्या मागच्या दोन पायांवर उभं राहून खाली ओढतात. तो अख्खा कळप सीताफळीच्या झुडपाजवळून मात्र सरळ पुढं जातो. एखादं अजाण करडू पान तोंडात धरतं, दोनदा चावतं आणि टाकून देतं.

या झुडपाला काटा नाही, चीक नाही, जाड सालही नाही. पान पातळ, लांबट, बोटभर ते वीतभर लांबीचं. वरून हिरवंगार, खालून फिकट निळसर. दिसायला अगदी निरुपद्रवी. पण तेच पान बोटांत चुरगळून नाकाशी धरलं की उग्र, थोडा तेलकट वास येतो आणि शेळी का थबकते ते कळतं. या पानांत, सालीत आणि सर्वांत जास्त बियांत जी द्रव्यं असतात त्यांना रसायनशास्त्रात अ‍ॅसिटोजेनिन म्हणतात. अ‍ॅनोनासिन, स्क्वामोसिन ही त्यांतली काही. सजीवाच्या पेशीत अन्नापासून ऊर्जा काढणारी एक साखळी असते. ही द्रव्यं तिची पहिलीच कडी अडवतात. किड्याला ते जिवावर बेततं. म्हणून सेंद्रिय शेती करणारे शेतकरी दशपर्णी अर्कात कडुनिंब, निरगुडी, करंजाबरोबर सीताफळीचा पालाही टाकतात. निसर्गात मात्र प्रत्येक विषाला पचवणारा कुणीतरी निघतो. आपल्या अंगणातल्या आसोपालवावर वाढणाऱ्या ‘टेल्ड जे’ या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी सीताफळीचं पानही आनंदानं खाते. आसोपालव आणि सीताफळ ही एकाच कुळातली भावंडं, हे तिला माणसाच्या आधी समजलं होतं.

या विषाबद्दल इथंच दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण घरोघरी त्यांच्याशी खेळ चालतो. पहिली बियांची. उवा मारण्यासाठी बियांची पूड डोक्याला लावण्याचा जुना उपाय आहे. ती पूड घामाबरोबर किंवा अंघोळीच्या पाण्याबरोबर डोळ्यांत उतरली तर बुबुळाला इजा होते. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहेत. लहान मुलींच्या डोक्याला तर ही पूड लावूच नये. दुसरी गोष्ट पानांच्या काढ्याची. मधुमेहावर उपाय म्हणून सीताफळीच्या पानांचा काढा रोज घेण्याचे सल्ले मोबाइलवरून सर्रास फिरतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर याच कुळातल्या फळांचं आणि पानांच्या काढ्यांचं नियमित सेवन करणाऱ्यांमध्ये कंपवातासारख्या मज्जाविकाराचं प्रमाण जास्त आढळलं आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथं मुख्य संशय मामफळावर होता. आपल्या हंगामातली चार-दोन सीताफळं आणि रोजचा काढा यांत फार मोठा फरक आहे. तरी जे पान शेळी सोडते ते माणसानं रोज उकळून पिऊ नये, एवढं तरी त्यावरून समजावं.

शेळीनं सोडलं म्हणून सीताफळ डोंगरावर टिकलं. दुसरं कारण त्याच्या देठात दडलेलं आहे.

सीताफळ सदाहरित की पानझडी, याचं उत्तर वनस्पतिशास्त्राची पुस्तकंही एकसारखं देत नाहीत. कुणी निमसदाहरित लिहितं, कुणी उशिरा पानं गाळणारं म्हणतं. दोन्ही बरोबर आहे, कारण हे झुडूप पाणी बघून वागतं. परसात, सांडपाण्याच्या कडेला लावलेलं सीताफळ वर्षभर जवळजवळ हिरवंच असतं. जुनी पानं पुरती गळायच्या आत नवी येतात. तेच डोंगराच्या उतारावर माघात पिवळं पडू लागतं आणि फाल्गुन-चैत्रात पार उघडं होतं. तेव्हा वाळलेल्या गवतात उभ्या या करड्या काटक्या बघून हे झुडूप मेलं असावं असं नवख्याला वाटतं.

पिवळं पडलेलं एखादं पान देठापासून हळूच तोडून बघावं. बहुतेक झाडांत पान आणि फांदी यांच्या बेचक्यात पुढच्या फुटीचा डोळा उघडा दिसतो. सीताफळीत तो दिसतच नाही. देठाचं बूड आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीत तो डोळा झाकलेला असतो. पान निघालं की फांदीवर एक छोटा वण उरतो आणि त्याच्या मधोमध बारीक, लवदार, तपकिरी डोळा उघडा पडतो. म्हणजे जुनं पान जागेवर आहे तोवर त्या डोळ्यातून नवी फूट बाहेर येऊ शकत नाही. आणि सीताफळीला फुलं प्रामुख्यानं नव्या फुटीवरच येतात. पानगळ नाही तर फूट नाही, फूट नाही तर फूल नाही. डोंगरावरचा कोरडा उन्हाळा हे झुडूप नुसतं सोसत नाही. त्याच्या फळण्याची सुरुवातच त्या कोरडीतून होते.

बागाईतदार जो ‘ताण’ देतो त्यामागं हेच गणित आहे. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, हलकी छाटणी करायची, मग पाणी सोडून बहार धरायचा. तैवानमधल्या तैतुंग भागातले शेतकरी ऐन उन्हाळ्यात सीताफळीची छाटणी करून हातांनी पानं काढतात आणि हिवाळ्यात फळ घेतात. बालाघाटावर ते काम ऊन आणि वारा करतो.

आता फुलाकडे येऊ. डोंगराच्या सीताफळीत खरी नवलाई फुलात आहे आणि तिच्याकडे लक्ष गेलेली माणसं फार कमी. फळ सगळ्यांनी खाल्लेलं असतं. फूल आठवतं का विचारलं तर लोक गोंधळतात. त्यात त्यांचा दोष नाही. ते फूल पानांखाली तोंड खाली करून लोंबतं, रंगानं हिरवट-पिवळं असतं आणि पाकळ्या मांसल, लांबट, नीटशा न उघडणाऱ्या. मोठ्या पाकळ्या तीनच. आतल्या तीन इतक्या खुरटलेल्या की शोधाव्या लागतात, कधी नसतातही. मोठ्या पाकळीचं बूड आतून जांभळट. ती एक पाकळी बाजूला केली की मधे शंकूसारखा छोटा उंचवटा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पुंकेसरांची दाट गर्दी आणि वर माथ्यावर स्त्रीकेसरांचा झुबका. साधं भिंग असलं तरी त्या स्त्रीकेसरांच्या टोकांवरचा चिकट ओलावा चकाकताना दिसतो.

तिनाच्या पटीतल्या जाड पाकळ्या आणि सुटे-सुटे असंख्य स्त्रीकेसर ही रचना फार जुन्या घराण्याची आहे. सीताफळाच्या कुळाला अ‍ॅनोनेसी म्हणतात. हिरवा चाफा याच कुळातला. सोनचाफ्याचं कुळ वेगळं, पण गण एकच. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात या गणाची फांदी बरीच लवकर फुटली. अशा फुलांचे जुने सोबती म्हणजे भुंगेरे. आजही सीताफळीच्या फुलात शिरणारे मुख्य पाहुणे हेच आहेत: तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, सडक्या गोड फळांवर जमणारे भुंगेरे. मधमाशीला या फुलात फारसं काही मिळत नाही.

प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण एकाच वेळी कामाचे नसतात. आधी स्त्रीकेसर तयार होतात. तेव्हा पाकळ्या टोकाशी जराशा विलगतात, भुंगेऱ्याला शिरण्यापुरती फट होते आणि आतून पिकल्या फळासारखा मंद वास येतो. नंतर पाकळ्या पुऱ्या फाकतात आणि पुंकेसर परागकण सोडतात, पण तोवर त्याच फुलातले स्त्रीकेसर वाळलेले असतात. म्हणजे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग सहसा होत नाही. ज्या फुलात पराग सुटला आहे तिथून निघालेला भुंगेरा नुकत्याच विलगलेल्या दुसऱ्या फुलात शिरला तरच फळ धरायचं. हा सगळा खेळ फुलाच्या एक-दोन दिवसांच्या आयुष्यात उरकतो.

मध्येच हवेनं दगा दिला तर संपलं. चैत्र-वैशाखात बालाघाटावर जो कोरडा, भाजणारा वारा सुटतो त्यात स्त्रीकेसरांवरचा ओलावा टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात झुडपं फुलांनी लगडलेली असूनही खाली फुलांचा सडाच पडतो, फळ धरत नाही. मृगाची सर येते, हवेत दमटपणा येतो, पालापाचोळ्यात भुंगेऱ्यांची संख्या वाढते आणि मग एकदम गाठी दिसू लागतात. जून-जुलैत धरलेल्या गाठीला पक्व व्हायला चारेक महिने लागतात. डोंगरचं सीताफळ नवरात्र ते दिवाळी या दिवसांत येतं त्याचा हिशेब असा पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ठरलेला असतो. मृग कोरडा गेला की दसऱ्याची पाटी हलकी होते. शेतकऱ्याला तूर-सोयाबीनचं नुकसान डोळ्यांसमोर दिसतं. डोंगरावरच्या या नुकसानीचा पंचनामा मात्र कोणीच करत नाही.

कॅलिफोर्नियात सीताफळाचं भावंड असलेलं चेरिमोया पिकवतात. तिथं हे काम करणारे भुंगेरे पुरेसे नाहीत, म्हणून माणसं बारीक कुंचल्यानं एकेका फुलात पराग भरतात. आपल्याकडेही काही बागाईतदार हस्तपरागीकरण करतात. डोंगरावर ही सेवा फुकट मिळते, आणि ती मिळते ती झुडपाखालच्या कुजक्या पाल्यामुळे. उन्हाळ्यात वणवा लागला की गवताबरोबर तो पालाही जळतो. सीताफळीचा बुंधा बहुधा वाचतो, पावसात त्याला खालून फुटवेही येतात. पण पाल्यात वाढणारे किडे जळून गेल्यावर त्या पट्ट्यात फळ कसं धरणार, हा प्रश्न वणव्याच्या चर्चेत कधी येत नाही. तो यायला हवा.

फळाचं अंगही त्या फुलातूनच उलगडतं. आंब्यात एका फुलातल्या एका बीजकोशाचं एक फळ होतं. सीताफळात फुलातल्या त्या अनेक सुट्या स्त्रीकेसरांपैकी प्रत्येकाचं एक छोटं फळ होतं आणि ती सगळी एकमेकांना चिकटून वाढतात. सालीवरचा प्रत्येक उंचवटा, ज्याला आपण डोळा म्हणतो, हा एकेका स्त्रीकेसराचा माथा. आतली पांढरी गोड पाकळी आणि तिच्यातली काळी बी ही त्याच डोळ्याची. ज्या स्त्रीकेसराला पराग मिळाला नाही तिथं बी धरत नाही. एका बाजूचे बरेचसे तसेच राहिले की फळ त्या अंगानं बसकं, वाकडं होतं. म्हणजे वाकडं सीताफळ कमी गोड नसतं, त्याच्या फुलात भुंगेरा अर्धवट फिरलेला असतो इतकंच. बाजारात त्याला मागं टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं.

बी फोडून बघितली तर आतला गर अखंड नसून त्यात आडव्या सुरकुत्या घुसलेल्या दिसतात. ही या कुळाची ओळखखूण. बिया नकोत ही मात्र खाणाऱ्याची जुनी इच्छा. बिनबियांची सीताफळीची झाडं जगात आहेत. थायलंडमधून आलेल्या अशा एका झाडाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बीजाचं बाहेरचं आवरण घडवणारं एकच जनुक त्या झाडात हरवलेलं निघालं आणि तेवढ्यानं बी तयारच होत नव्हती, गर मात्र नेहमीसारखा भरत होता.

आणि डोळे उघडणं. डोंगरावर फळं तोडायला जाणाऱ्या बायकांचं सगळं कसब या एका खुणेवर चालतं. फळ वाढत असताना डोळे एकमेकांना घट्ट भिडलेले असतात. पक्व होताना ते फाकतात आणि मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. खाचा हिरव्या असताना तोडलेलं फळ अढीत घातलं तरी नीट पिकत नाही, काळं पडतं, दगडासारखं राहतं. आणि खाचा पुऱ्या पांढऱ्या झाल्यावर झाडावर ठेवलं तर बुलबुल, साळुंकी आणि खार आधी पोचतात. पिकलेलं फळ डोळ्याडोळ्यांनी आपोआप सुटं होतं. पाखराला एकेक गोड घास मिळतो, बी दूर कुठं तरी कपारीत पडते. टणक सालीची बी तिथं पावसाची वाट बघत राहते. बालाघाटावरची बहुतेक झुडपं अशीच उगवलेली, कुणी लावलेली नव्हेत.

खरं तर हे झुडूप मूळचं इथलं नाही. त्याचे बहुतेक रानटी सगेसोयरे अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आणि कॅरिबियन बेटांवर आहेत. लिनियसनं १७५३ साली त्याला अ‍ॅनोना स्क्वामोसा हे शास्त्रीय नाव दिलं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते इकडे आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात केरळात तयार झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या चित्रग्रंथात ते आहेच. पण मधे एक जुना वाद आहे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूत आणि मथुरेच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत सीताफळ दिसलं होतं. अल्फोन्स द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते मानलं नाही; शिल्पातलं डोळेदार फळ दुसरंही काही असू शकतं असं त्याचं म्हणणं. पुढं २००९ साली उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर-सोनभद्र भागातल्या उत्खननांत सापडलेल्या जळक्या बियांवरून हा वाद पुन्हा निघाला. ती बी सीताफळाची असून कोलंबसाच्या कितीतरी आधीची आहे, असा त्या संशोधकांचा दावा. मला विचाराल तर घर अमेरिकेत यात शंका नाही. इकडे पहिल्यांदा कोणत्या वाटेनं आलं हे एक-दोन बियांवर ठरू नये. बालाघाटाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की इथं आल्यावर त्याला उघडा खडक, लांब उन्हाळा आणि शेळ्या असं सगळं मानवणारं मिळालं. धारूरच्या किल्ल्याभोवतीचे उतार आश्विनात बघितले तर हे पाहुणं आहे हे कुणालाही खरं वाटणार नाही.

या आश्विनाला बीड जिल्ह्यात आणखी एक अर्थ आहे. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्याचा बॉयलर पेटला की टोळीला निघावं लागतं. दसऱ्यानंतर गावं रिकामी व्हायला लागतात. सीताफळ बरोबर त्याच्या तोंडावर येतं. खरिपाचा पैसा अजून हातात नाही, दिवाळी अंगावर, आणि प्रवासाची तयारी. अशा पंधरा-वीस दिवसांत डोंगरावरची फळं घरात रोख रक्कम आणतात. पहाटे बायका आणि पोरं वर चढतात, दिवस वर यायच्या आत पाट्या भरून खाली उतरतात. फळांखाली आणि वर सीताफळीचाच पाला अंथरतात. रस्त्याकडेला बसायचं किंवा व्यापाऱ्याला क्रेटनं द्यायचं. सौदा करायला मात्र वेळ नसतो. डोळे उघडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं आणि फार गार ठेवलं तर सालीला काळं येतं, आतला स्वादही जातो. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं आणि भाव तिथंच पडतो. गर काढून गोठवून ठेवला तर वर्षभर रबडी-आइसक्रीमवाल्यांना विकता येतो. तो उकळून टिकवता येत नाही, तापवला की कडवट होतो. म्हणजे टिकवायचं तर गोठवण-यंत्र हवं, भरवशाची वीज हवी आणि ती डोंगराच्या पायथ्याला हवी. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तो मान रास्तच होता. पण मानांकन कागदावर असतं आणि फळ पाटीत मऊ पडत असतं. या दोहोंमधलं अंतर शीतगृहानंच भरून निघेल.

अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथून ‘धारूर-६’ हा वाण आला आणि तो कसा आला हे या सगळ्या लेखाच्या मुळाशी आहे. प्रयोगशाळेत कुठल्याशा परदेशी झाडाशी संकर करून तो घडवलेला नाही. तो निवडीचा वाण आहे. असंख्य बीज-झाडांतून एखादं झाड मोठ्या फळाचं, भरपूर गराचं, गोडीचं निघतं. ते हेरायचं, त्याची कलमं करायची, ती वर्षानुवर्षं तपासायची. तेलंगणातून आलेला ‘बालानगर’, बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांचा ‘गोल्डन’ ही नावंही अशा पारखी नजरेनंच मिळाली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का सहान’ तेवढा संकरातून आलेला.

सीताफळीचं बी लावलं की आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते. भुंगेऱ्यानं कुठल्या झाडाचा पराग आणला ते कुणास ठाऊक. म्हणून डोंगरावर दोन झुडपं शेजारी असली तरी एकाचं फळ दसऱ्याला येतं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. एकाचा डोळा मोठा नि सपाट, दुसऱ्याचा बारीक नि टोकदार. कुणाला पिठ्या ढेकूण लवकर धरतो, कुणाच्या अंगाला तो फारसा लागत नाही. एखाद्या झुडपाच्या फळात बिया निम्म्याच. अवकाळी पावसात एका झाडाची फळं तडकतात, काळी पडतात. त्याच बांधावरचं दुसरं तग धरतं. ही सगळी विविधता पाखरांनी पेरलेली आहे आणि तिची नोंद कुठल्याही वहीत नाही.

गेल्या काही वर्षांत सोलापूर, बीड, धाराशिव, पुण्याकडे कलमी सीताफळाच्या बागा झपाट्यानं वाढल्या. त्याला माझा विरोध नाही. कमी पाण्यात येणारं, जनावर न खाणारं दुसरं फळपीक कोरडवाहू शेतकऱ्याला कुठून मिळणार? पण कलमी बागेतलं प्रत्येक झाड एकाच झाडाची फांदी असते. त्याला लागणारी बुरशी, पिठ्या ढेकूण, पाऊस सगळ्यांवर सारखाच आघात करतात. उद्या ऑक्टोबरातला अवकाळी पाऊस नेहमीचाच झाला तर त्याला तोंड देणारा वाण शोधायला शास्त्रज्ञ पुन्हा डोंगरावरच येतील. तिथं मुरमासाठी पोकलेन लागलेला असेल, खडी केंद्रासाठी उतार फोडलेला असेल, पवनचक्कीच्या रस्त्यानं माथा कापलेला असेल, तर ते शोधणार कुठे? गायरान म्हणून, पडीक म्हणून ज्या जमिनीची कागदावर किंमत शून्य धरली जाते, तिच्यावर हा ठेवा उभा आहे.

तो ठेवा ओळखणारी माणसंही आहेत. डोंगराखालच्या कुठल्याही वस्तीवर विचारा. कोणत्या खोऱ्यातलं, कोणत्या कातळाशेजारचं झुडूप साखरेसारखं गोड आहे, कोणतं आधी पिकतं, कोणत्याचं फळ चार दिवस टिकतं, हे वर चढणाऱ्या बायका नि:शंकपणे सांगतात. आई लेकीला ते झाड दाखवते आणि शेजारणीपासून लपवतेही. ही माहिती फळ झाडावर असतानाच खरी. पानं गळली की करड्या काटक्यांत हे कोणतं नि ते कोणतं हे त्यांनाही सांगणं अवघड.

अडचण तिथंच आहे. कलमकाडी घ्यायची वेळ येते फेब्रुवारी-मार्चात. पानं नुकती गळलेली असतात, देठाखालचे डोळे उघडे पडून फुगायच्या बेतात असतात. तीच काडी खुंटावर चांगली जमते. आणि नेमक्या त्या महिन्यांत झाड ओळखणाऱ्या बायका पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या उसाच्या फडात असतात. त्या परततात तेव्हा हंगाम सरलेला, डोळे फुटून पानं आलेली. रोपवाटिकेतला माणूस त्यांच्याशिवाय डोंगरावर गेला तर हाताला येईल ती काडी कापून आणणार.

म्हणून खुणा आश्विनातच करून ठेवायला हव्यात, टोळ्या निघायच्या आत. प्रत्येक डोंगरी गावातून चार जाणत्या बायका, ग्रामपंचायतीचा किंवा कृषी खात्याचा एक माणूस आणि शाळेतली दोन पोरं एवढं पुरे. झुडपाच्या बुंध्याला पत्र्याचा क्रमांक बांधायचा, मोबाइलवर जागा नोंदवायची, फळाचं वजन, बियांची संख्या, पिकल्याची तारीख वहीत मांडायची आणि झाड दाखवणारीचं नाव त्यापुढं लिहायचं. उद्या त्या झाडाचा वाण झाला तर त्यात तिचा वाटा असला पाहिजे. २००१ साली झालेल्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची दखल घेण्याची आणि लाभात वाटा देण्याची तरतूद आहे. फेब्रुवारीत अंबाजोगाईचं केंद्र किंवा जवळची रोपवाटिका ते क्रमांक बघून काड्या घेईल. पुढच्या पावसाळ्यात त्याच गावाच्या बांधावर ती कलमं लागतील आणि काही झाडं वस्तीजवळच्या गायरानात राखून ठेवता येतील, जिथं पोकलेन पोचण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागेल. यंदाचा हंगाम अजून संपलेला नाही. दिवाळीनंतरही उशिराची झुडपं फळं देत असतात, आणि सगळ्या टोळ्या काही एकाच दिवशी निघत नाहीत.